सातशे ऐंशी

अन्सानच्या खोलीत, दोन पाळ्यांच्या मधे,
मी टॅबलेट भाताच्या कुकरला टेकवून ठेवतो.
वरचा कोपरा तडकलाय, वेगाचा काटा तिथे शिरला की दिसत नाही.
बाकी सगळं दिसतं:
इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान, बॅटरीचे व्होल्ट,
टाकीत डिझेल किती.
बाबांचा ट्रक.

पोर्टर. निळा.
मी इकडे आलो त्याच वर्षी तो इकडून तिकडे गेला,
जुना माल म्हणून, बोटीतून, मग रेल्वेने.
दारावर इथल्याच कुठल्याशा लाँड्रीचं नाव आहे अजून,
खाली 'एका दिवसात स्वच्छ.'
बाबांना वाचता येत नाही. गोबीतल्या धुळीलाही नाही.

गेल्या त्सागान सारला घरी गेलो होतो,
तेव्हा स्टिअरिंगखालच्या खोबणीत मीच ते यंत्र बसवलं.
काडेपेटीएवढं, पोटात सिमकार्ड.
हे काय, गोचीड? बाबा म्हणाले.
म्हटलं, रक्त नाही पीत. नुसतं सांगतं.
कुणाला?
मला.
त्यांनी चहात मीठ घातलं आणि बराच वेळ ढवळत राहिले.

स्क्रीनच्या माथ्यावर 'लाइव्ह' असं लिहिलंय, शेजारी हिरवा ठिपका.
लाइव्ह कसलं? मांदाखच्या पुढे नेटवर्क नाही.
आठवडाभर रेघ राखाडी,
जणू ट्रक नाही, बाबा नाहीत, गोबीच कुणी गुंडाळून ठेवलीय.
मग गुरुवारी संध्याकाळी एकदम सगळं येऊन आदळतं:
शनिवारी दोन तास ताशी नऊच्या वेगाने,
म्हणजे विहिरीवरून पाणी आणलं, हिंदकळू न देता.
मंगळवारी पहाटे उणे एकतीस.
चार वेळा स्टार्टर, पाचव्यांदा पेटला.
मधल्या वेळात ते इंजिनाला काय म्हणाले
याची नोंद नाही.
आणि शेवटी आजचे अठरा किलोमीटर, सगळा चढ.
वेग शून्य.
फेरे सातशे ऐंशी.

आणि माझा फोन वाजतो.

कुठे आहात?
घरीच की. तुल्गापाशी बसलोय.
मागे डिझेलची घरघर. मी विचारत नाही.
आमच्यात तुल्गा म्हणजे चुलीची लोखंडी तिवई.
माझं नावही तेच, त्यांनीच ठेवलेलं.
त्यामुळे याला खोटं म्हणावं का, ते ठरत नाही.

पांढरी शेळी व्याली, जुळी.
खान्दसुरेनच्या नातवाला घोड्याने पाडलं, पुढचा दात गेला,
आता शिट्टी छान वाजवतो म्हणे.
मी सांगतो: इथे थंडी कमी. जेवतो वेळेवर. बोट बरं झालं.
(बोट बरं झालेलं नाही.
माझ्या बोटाला कुणी यंत्र लावलेलं नाही.)

टाकीत पाच टक्के होतं. बोलता बोलता चार झालं.
अठरा किलोमीटर परत, अंधार, वारा समोरून.
दुसऱ्या करडाचा रंग अजून सांगायचा होता.
म्हटलं, बाबा, ठेवतो. पाळीची वेळ झाली.
आज पाळी नव्हती.
बरं बरं, जा. मीही जरा चुलीत घालतो.

फोन बंद. फेरे तेवढेच.
एक मिनिट. तीन.
पाणी ब्याऐंशी अंश, व्होल्ट तेरा पूर्णांक नऊ,
सगळं नीट, कुठेच लाल नाही,
आणि ट्रक जागचा हलत नाही.
निघा ना, मी कुकरकडे बघून म्हणालो.

मग अकराशे. चौदाशे. वेग बारा, वीस,
काटा तडकलेल्या कोपऱ्यात शिरला
आणि टेकडी संपली. राखाडी.

भात झालाय.
हिरवा ठिपका तसाच आहे.
बाबा घरी पोचले की नाही,
ते मला पुढच्या गुरुवारी लाइव्ह कळेल.